द्राक्षगर्भ

पांढुर्णा आणि सौंसरच्या मधल्या खेड्यांत गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हे माझं काम आहे. मोटरसायकलच्या मागं नायट्रोजनचा कंटेनर बांधून मी सकाळी घर सोडतो. गाय माजावर आली असा फोन आला की जायचं, वीर्याची कांडी भरायची, आणि तीन महिन्यांनी परत जाऊन हात घालून ती गाभण आहे की नाही ते सांगायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण कोणती गाय कधी माजावर आली, कोणती गाभण न राहता उलटली, कोणत्या गायीची वार पडली नाही, हे माझ्या वहीत लिहिलेलं असतं. बायकोची पाळी कधी येते, हे मात्र लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी मला ठाऊक नव्हतं. विचारायचं असतं, हेच कधी मनात आलं नव्हतं.

आमचं घर तिगावजवळच्या एका खेड्यात. बायको रामाकोन्याकडची, बारावी शिकलेली, घरी ब्लाऊज शिवायची. तिला दिवस गेल्याचं तिनं आधी माझ्या आईला सांगितलं, आणि आईनं मला, मी अंगणात गाडी धूत असताना. मी 'बरं' म्हणालो आणि चाक धूत राहिलो. आतून आनंद झाला होता, पण तो तिच्याजवळ जाऊन कसा बोलून दाखवायचा हे मला माहीत नव्हतं.

महिन्याभरात तिला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनाच होतात, असं आई म्हणाली. पण दोन महिने उलटले तेव्हा तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. चहाचा कप धरला की हात थरथरायचा. मशीनवर बसली की पाच मिनिटांत उठायची आणि चौकट धरून उभी राहायची, छाती धडधडते म्हणून. तिसरा महिनाही पुरा झाला नव्हता, आणि एका सकाळी ती दोरीवर कपडे टाकताना हात वर करून उभी होती तेव्हा मला तिचं पोट दिसलं. पाचव्या महिन्याचं असावं एवढं.

आई खूश झाली. जुळे आहेत, असं तिनं शेजारी सांगूनही टाकलं.

मला मात्र जुळ्यांचं पटलं नाही. आदल्या वर्षी एका शेतकऱ्याची गाय अशीच दोन-तीन आठवड्यांत फुगली होती. जुळी वासरं म्हणून तोही खूश होता. आत नुसतं पाणी साठलं होतं, गाय गेली. मला ती गाय आठवली आणि स्वतःचाच राग आला. बायकोकडे बघून असा विचार करणारा मी कसला नवरा, असं म्हणून मी तो विचार दाबून टाकला. ही बायकांची गोष्ट, आई बघते आहे, असं स्वतःला समजावलं.

त्यानंतर मला दोरीवर ते कपडे दिसले. माझ्या शर्टाच्या आड वाळत घातलेले, धुऊनही रक्ताचे डाग राहिलेले. पोटुशी बाईला असे कपडे लागत नाहीत, एवढं मला नक्की कळत होतं. पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. चार दिवस मी त्या दोरीखालून गेलो आणि आलो. तिला विचारलं नाही, आईलाही नाही. तिनं आईला सांगितलं होतं, आणि आईनं उष्णता म्हणून धण्याचं पाणी दिलं होतं, हे मला मागाहून कळलं.

पाचव्या दिवशी मी सौंसरहून दुपारी घरी आलो तर ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती. फरशीवर लाल पाणी होतं, आणि त्या पाण्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, काही त्याहून मोठे, पाण्यानं भरलेले पारदर्शक दाणे होते. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आईनं बादली उचलली आणि सगळं मोरीत वाहवून टाकलं.

"कोणाले सांगू नको," आई मला म्हणाली.

शेजारच्याची गाडी ड्रायव्हरसकट घेऊन मी तिला पांढुर्ण्याला नेलं.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पुरुषांसाठी एक बाकडं होतं. सगळे नवरे तिथंच मोबाईल बघत बसले होते, मीही बसलो. थोड्या वेळानं आतून डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. बाकड्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उठायला लाज वाटली. पुरुषाला आत बोलावतात म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार.

आत ती पडून होती, डोळे छताकडे. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. मी डोकं शोधलं, पाठीचा कणा शोधला. काही नव्हतं. टीव्हीचा सिग्नल गेला की दिसतात तसे पांढरे ठिपके, पडदाभर.

बाईंनी सावकाश समजावून सांगितलं. बाळ तयारच झालं नव्हतं. बाळाला पोसायला जी वार असते ती एकटीच वाढत गेली होती, आणि तिचे पाण्यानं भरलेले फोड झाले होते, घडाला द्राक्षं लागावीत तसे. याला द्राक्षगर्भ म्हणतात. गर्भ धरतो त्याच क्षणाला काहीतरी चुकतं. त्यात हिनं काही खाल्लं-उचलल्याचा दोष नाही, तुमचाही नाही. रक्त फार जाऊ शकतं म्हणून आजच नागपूरला न्या, असं त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला बसल्या.

मी एकच गोष्ट विचारली: मग पोट कशानं वाढलं? बाईंनी मान वर केली आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा त्या माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून बोलत होत्या, आणि बायकोनं मान हलवली. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं.

नागपूरच्या रस्त्याला, सावनेर मागं गेल्यावर, ती पहिल्यांदा बोलली.

"मंग मी तीन महिने कोणाशी बोलून राहिली होती?"

ती पोटाशी बोलत होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. मशीनवर बसून, मी घरी नसताना. मी तिचा हात धरला. गाडीत ड्रायव्हर असताना हात धरायची ती आमची पहिली वेळ.

नागपूरला गर्भपिशवी रिकामी केली. दोन बाटल्या रक्त लागलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्यांनी सांगितलं की त्या वारेचा एखादा कण आत राहिला तर तो परत वाढू शकतो, कधी पिशवीच्या भिंतीत शिरतो, कधी रक्तातून फुप्फुसात जातो. तो आहे की नाही हे रक्तातल्या एका आकड्यावरून कळतं. गरोदरपणात वाढणारा तोच आकडा. दर आठवड्याला रक्त तपासायचं; आकडा उतरत उतरत शून्याजवळ गेला पाहिजे, आणि तिथं तो काही महिने टिकला पाहिजे. मधेच दिवस गेले तर आकडा वाढेल, आणि तो बाळाचा की आजाराचा, हे लवकर ओळखता येणार नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आम्ही सांगेपर्यंत हिला दिवस जाता कामा नयेत. हे हिच्यावर सोडू नका. हे तुमचं काम."

निरोधाची पाकिटं मी आमच्या गावात घेऊ शकत नव्हतो, पांढुर्ण्यातही सगळे ओळखीचे. सौंसरला बसस्टँडपासून लांबच्या एका मेडिकलात गेलो, तर काउंटरवरच्या माणसानं मला नमस्कार केला. त्याच्या भावाची म्हैस मी भरली होती. रोज वीर्याच्या कांड्या हाताळणारा माणूस मी, आणि तिथं माझ्या तोंडून शब्द निघेना. शेवटी बोटानं दाखवलं.

गावात गोष्ट पसरली होतीच. न्हाणीतलं कोणी काय बघितलं देव जाणे, पण हिला बेंडकाची अंडी झाली, असं बायका बोलत होत्या. कपडे शिवायला देणाऱ्या दोघी-तिघी यायच्या बंद झाल्या. एकीनं आधी दिलेलं कापडही परत नेलं, न शिवलेलं. बायको रिकाम्या मशीनवर हात ठेवून बसलेली दिसायची. आईला हे सगळं बोलणं ऐकवत नसे, आणि तिच्या मते उपाय एकच होता. कूस रिकामी ठेवू नये; लवकर राहिलं की साऱ्यांची तोंडं बंद होतात. हे ती रोज बोलायची, भाकरी वाढताना, तांदूळ निवडताना, फोनवर माझ्या मोठ्या बहिणीशी. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी तिला पुरतं सांगितलं नव्हतं. 'थोडं थांबा म्हणतात' एवढंच सांगितलं होतं. आजार म्हटलं की आई सुनेला माहेरी पाठवायचं काढेल, अशी मला भीती होती.

दर सोमवारी पांढुर्ण्याला बायकोचं रक्त तपासायला द्यायचो, मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोबाईलवर आकडा यायचा. पहिला लाखांत होता. मग हजारांत आला, मग शेकड्यांत. मंगळवारी मी कुठल्याही गोठ्यात असलो तरी लक्ष खिशातल्या फोनकडं असायचं. आकडा आला की आधी तिला फोन करायचो, मग हात धुवायचो.

सातव्या आठवड्यात आई जेवताना रडली. नातवंड बघितल्याशिवाय मी जाईन, असं म्हणाली. त्या दिवशी पाकीट कपाटातच राहिलं. मी काढलं नाही, बायकोनं आठवण करून दिली नाही. एकदाच, असं मी मनाशी म्हणालो. आकडा तर उतरतोच आहे.

पुढच्या मंगळवारी आकडा उतरला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी तेवढाच. त्यानंतर वाढला, आणि अजून एका आठवड्यानं आणखी वाढला.

तो शेवटचा आकडा आला त्या दिवशी मी रामाकोन्याकडं एका संत्र्याच्या बगिच्यातल्या गोठ्यात होतो. खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेला, शेतकरी गायीची दोरी धरून बाजूला उभा. फोन नागपूरच्या डॉक्टरबाईंचा होता. मी दुसऱ्या हातानं तो कानाला लावला. त्यांनी सरळ विचारलं: मधल्या काळात संबंध आला होता का, काही न वापरता?

शेतकरी माझ्याकडेच बघत होता.

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

किती सहज निघालं ते. त्या म्हणाल्या, ठीक आहे, उद्याच या. मी फोन खिशात ठेवला, गायीचं काम पुरं केलं, शेतकऱ्याशी संत्र्याच्या भावाबद्दल बोललोही. गाडीवर बसलो, पण थोडं पुढं जाऊन शेताच्या धुऱ्याशी गाडी लावली आणि बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून सकाळच्या रेल्वेनं आम्ही निघालो. काटोल येईपर्यंत, डॉक्टरबाईंना फोनवर काय बोललो ते तिला सांगायचं मी ठरवत होतो. काटोल येऊन गेलं. नागपूर आलं. मी सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न समोरासमोर परत विचारला. मी फरशीकडे बघत राहिलो.

"एकदा झालं, मॅडम," बायको म्हणाली. "आम्ही दोघं बी चुकलो."

बाई रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या की बरं झालं सांगितलं. आता जे औषध द्यावं लागेल असं वाटतंय, ते पोटात मूल असताना देता येत नाही. म्हणून आधी बघावं लागेल. म्हणजे मी गोठ्यात उभा राहून जे बोललो होतो त्याचा अर्थ काय होऊ शकला असता, ते मला त्या वेळी कळलं. मान वर करवेना. तिनं मात्र माझ्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून जुने रिपोर्ट काढून एकेक टेबलावर लावत राहिली.

सोनोग्राफीला तास लागला. आम्ही भिंतीशी बसलो होतो. त्या तासाभरात देवाकडे काय मागायचं हेच मला कळेना. मूल निघालं असतं तर घरी पेढे वाटले गेले असते, आणि त्याच्याआड तो आजार वाढत राहिला असता. मूल नाही निघालं तर आजारच. ती हळू आवाजात म्हणाली, "काही निघालं नाही म्हणजे बरं, नाही का?" मग स्वतःच म्हणाली, "नाही. मले नाही समजून राहिलं."

मूल नव्हतं. पिशवीच्या भिंतीत एक डाग होता, बोराएवढा. छातीचा एक्सरे स्वच्छ आला. बाईंनी कॅन्सर हा शब्द उच्चारला, आणि लगेच सांगितलं की त्या जातीच्या आजारांत हा औषधाला सर्वांत चांगली दाद देणारा, बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. दुसरं वाक्य मला नीट ऐकूच आलं नाही. तिनं ऐकलं होतं. गाडीत तिनंच ते मला परत सांगितलं.

घरी आल्यावर मी आईला समोर बसवलं. तिला कळेल असं मला एकाच भाषेत सांगता येत होतं. गायीची वार अंदर राहिली तर काय होते, तुले माहीत हाय ना, असं मी विचारलं. तिला माहीत होतं. तिचं बालपण गुराढोरांतच गेलं होतं. मग मी सगळं सांगितलं. वार, डाग, आकडा, इंजेक्शन, आणि कमीत कमी वर्षभर मूल नाही. माझी चूकही सांगितली, आईसमोर बोलण्यासारखी नव्हती तरी.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू आयकली असती काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुनेसाठी ज्वारीची आंबील केली. त्याच दुपारी बहिणीला फोनवर सुनेला कॅन्सर झाल्याचंही सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. आई तशीच आहे.

इंजेक्शनं एक दिवसाआड पांढुर्ण्याच्या दवाखान्यातच दिली. चार इंजेक्शनं, मधल्या दिवशी गोळी, मग काही दिवस सुट्टी, मग परत तशीच फेरी. तिचं तोंड आतून सोललं. तिखटाचा वास आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी खिचडी करायला शिकलो, पहिल्यांदा करपवली. दुपारचे फोन घेणं बंद केलं. काही शेतकरी दुसरा माणूस शोधायला लागले, ते गेलेच.

एका दुपारी मी तिला दह्यात कालवलेला भात देत होतो. चमचा बाजूला सारून तिनं विचारलं, "दोरीवरचे कपडे दिसत होते ना तुमाले?"

"दिसत होते."

"चार दिवस?"

"हो."

"मंग काऊन नाही विचारलं?"

"लाज वाटली."

"कायची?"

ते मला अजूनही सांगता येत नाही. तिनं थोड्या वेळानं भात खाल्ला, पण त्या दिवशी ती माझ्याशी परत बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही फारसं नाही. आजार माझ्यामुळं झाला नव्हता. चार दिवस वाचले असते तरी तो टळला नसता, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे. पण ते चार दिवस ती एकटी घाबरत होती, आणि मी दहा पावलांवर होतो.

तिसऱ्या फेरीनंतर आकडा खाली आला. आणखी तीन फेऱ्या दिल्या. पुढं वर्षभर दर महिन्याला तपासणी. या काळात तिच्या पाळीची तारीख मी माझ्या त्याच वहीत, वेगळ्या पानावर लिहायला लागलो. तिनं एकदा ते पान बघितलं आणि हसली. मग म्हणाली की वेगळी वही घ्या, गायींत नका ठेवू मले. मी वेगळी वही घेतली.

वर्ष संपलं, डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी मी सौंसरहून पाकिटं आणत राहिलो. पाच-सहा महिने असेच गेले. एका दिवशी तिनं विचारलं: तुम्ही भेले काय? मी हो म्हणालो. तीही भ्याली होती, पण तिला मूल हवं होतं, आणि हे तिनं मला सांगितलं, आईला नाही.

गोठ्यात आता मी पुरुषांना विचारतो, गायीचं काम झाल्यावर हात धुताना, घरच्या बाईची तब्येत कशी आहे म्हणून. बहुतेक जण हसतात, तुम्ही आता माणसांचे डॉक्टर झाले काय म्हणतात. उन्हाळ्यात एक जण हसला नाही. त्यानं मला कडबाकुट्टीच्या मशीनमागं नेलं आणि बायकोच्या अंगावरून दोन महिन्यांपासून जातंय, थांबत नाही, असं सांगितलं. त्याला वाटलं होतं वयामुळं असेल. दवाखान्यात न्या, आणि बाहेर बसू नका, तिनं म्हटलं तर आत जा, असं मी म्हणालो. त्यानं नेलं की नाही ते मला माहीत नाही. त्यानंतर त्यानं मला फोन केलेला नाही.

आमच्याकडे सध्या सातवा महिना चालू आहे. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तेव्हा मी आत होतो. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि मला बघायला सांगितलं होतं. ठोका दिसला, मी सांगितलं, तिनं डॉक्टरबाईंकडून परत वदवून घेतलं, मगच डोळे उघडले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तेच रक्त एकदा तपासायचं आहे. ते झाल्याशिवाय घरात कोणी पुरतं सुटल्यासारखं वागणार नाही, मी तर नाहीच. तिच्या पायावर जरा सूज दिसली तरी मी विचारतो. कधी कधी ती वैतागते.

परवा आईनं सातव्या महिन्याच्या ओटीभरणाचं काढलं. रामाकोन्याहून माहेरची माणसं कधी बोलवायची, ते विचारत होती. बाळ हातात आलं की भरा, असं बायको म्हणाली. आईनं माझ्याकडे बघितलं. तिचं म्हणणं आयक, असं मी म्हणालो. आई सांबाराची हिरवी जुडी पुढं ओढून पानं निवडायला लागली.